पाठीमागचा हात

स्प्लिट, रविवार

फ्राने, गाढवा,

काल टोन्काने तुला अर्धाच कप कॉफी दिली, तरी ती बशीत सांडली. "नवऱ्याचं हे दोन वर्षांपासून सुरू आहे," ती मला म्हणाली. मी मान डोलावली. दोन नाही रे, अकरा.

पॅरिसची पुरुष दुहेरीची फायनल आठव. सर्व्हिस माझी होती आणि तू नेटपाशी उभा राहून पाठीमागे धरलेल्या हाताने मला खुणा करत होतास. मूठ म्हणजे जागेवर थांबणार, पंजा म्हणजे आडवा धावणार. शेवटच्या सेटमध्ये ती मूठ थरथरायला लागली. मी जवळ येऊन विचारलं, "घाबरलास की काय?"

"मी? तुझी सर्व्हिस बघून प्रेक्षक घाबरलेत!" म्हणत तू खो खो हसलास.

घाबरलेला माणूस असं हसत नाही, हे मला तेव्हाच कळलं. आपण हरलो. पुढे मी तुला सांगितलं, खांदा दुखतोय, आता दुहेरी नको. तुझ्या आईने चोळायला लव्हेंडरचं तेल पाठवलं. वसंतात मी दुसऱ्याच जोडीदाराबरोबर उतरलो, तेव्हाही तू फोन करून एवढंच विचारलंस, "खांदा बरा आहे ना?"

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आता कागद धरता येत नाही, म्हणजे टोन्काच ते वाचून दाखवणार. तिला कशाला कळू द्यायचं, की त्या हाताकडे बघायचं काम एकट्या माझं होतं, आणि मी ते नीट केलं होतं.

तुझा,
शिमे