दसऱ्याची टेप

४ ऑगस्ट ९७
नव्या फौजदाराने सुन्याची केस पुन्हा उघडली. आमच्या घरात ती बंद कधी झाली होती! ९५च्या दसऱ्याला साडीच्या दुकानात पूजेत मांडलेली शेठाणीची सोनसाखळी गेली, आणि त्याच संध्याकाळी तिथेच कामाला असलेला माझा धाकटा भाऊ सुन्याही गायब. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. आई मानत नाही. मी? बघू.

६ ऑगस्ट
ऐकावं ते नवलच. त्या दिवसाची कॅमेऱ्याची टेप आहे! तेव्हा दुकानवाले म्हणाले होते पुसली, दर आठवड्याला त्याच टेपा फिरवतात. पण ही नव्या कॅमेऱ्याच्या पहिल्या दसऱ्याची. कुंकू लावून शेठने देव्हाऱ्यात ठेवलेली. "पूजानी टेप छे, भूंसाय नहीं." म्हणून पुसलीच नाही. मग पोलिसांना का दिली नाही? म्हणे, देवाची वस्तू, डोक्यातच आलं नाही. कपाळावर हात मारला.
आई सारखी विचारतेय, आता दिसेल ना? हो म्हटलं.

९ ऑगस्ट
बँकेतून अर्धी रजा. आईला घेऊन चौकीत. आधी सुन्याच. स्टुलावर चढलेला, तोंड अगदी कॅमेऱ्यापाशी, हसतोय, हातात झेंडूचा हार. आई टीव्हीजवळ सरकली.
मग त्याने हार कॅमेऱ्यालाच घातला. दसऱ्याला यंत्राची पूजा! त्यानंतर वर सगळी फुलं, खाली नुसते पाय. पूजा म्हणून सगळे अनवाणी, चपलेवरून ओळखायचीही सोय नाही. एक जण साखळी मांडलेल्या चौरंगाशी आला, थांबला, गेला. संपलं.
फौजदाराने विचारायच्या आत आई, "ह्या मना सुन्याना पाय नहीत."
तो हसला. "माँ तो यही बोलेगी." मला विचारलं. म्हटलं, पुसट आहे. पुसटच होतं.

२१ ऑगस्ट
टेपवरून काही ठरत नाही म्हणे. केस परत कपाटात. चौकीत जाऊन आलेली टेप शेठला देव्हाऱ्यात नको. मला दिली. घेतली.

२४ ऑगस्ट
शेजारच्यांचा व्हीसीआर आणला. सुन्या हसतो, हार उचलतो. तिथेच आई म्हणते, "बस. पुढलं नको."
मागे नेतो, परत लावतो. परत तिथेच, "बस."
का नको, विचारणार होतो. टेप मागे नेली.