आवरलं की उघडते

प्रिय काटेकोरबाई,

दाराच्या पलीकडून तू म्हणालीस, पाच मिनिटं थांब ताई, आवरलं की उघडते. त्याला आता बराच वेळ झाला. मी तुझ्या जिन्यात बसून हे लिहितेय आणि माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय. ओरडून बोलावं, तर शेजारच्या बाई डोकावतात. मला राग आलाय, भरपूर. सख्ख्या बहिणीला आत घ्यायला आधी घर चकचकीत करावं लागतं? लहानपणी एका पांघरुणात झोपलोय आपण, आणि ते सगळं तूच ओढून घ्यायचीस.

तुझ्या शिवणाच्या दुकानातून मालकीणबाईंचा फोन आला होता. रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. म्हणाल्या, एका कोटाची बाही हिने लावली, उसवली, परत लावली, परत उसवली. गिऱ्हाईक खूश होतं, हीच नव्हती. शेवटी कापडच विरलं, आणि तेव्हापासून ही कामावर आलेली नाही. मला मात्र तू सुट्टी घेतल्याचं सांगितलंस. लोकांना वाटतं तुला कामाची हौस आहे. कसली डोंबलाची हौस, भीती आहे ती. एक टाका वाकडा गेला की तू स्वतःला नापास करतेस, मग दिवसभर अंथरुणात पडून राहतेस, आणि पडून राहिल्याबद्दल पुन्हा नापास. तुझ्या डोक्यातली ती परीक्षक मला कुठे भेटली ना, तर तिच्या झिंज्या उपटीन.

आणि डॉक्टरांकडे काय केलंस? तिथवर गेलीस, बाकावर बसलीस आणि नंबर लागायच्या आत परत आलीस. का, तर काय होतंय ते नीट सांगता येईना. आधी मुद्देसूद तयारी करते, मग जाते, म्हणालीस. मी फोनवर हसले. अगं, आजारी पडायचं तेसुद्धा नीटनेटकं? फोन ठेवल्यावर मात्र मला हसू आलं नाही.

खरं सांगू, मी भांडायला आलेली नाही. काल बोलता बोलता तू म्हणालीस, ताई, सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, आलीच नसती तर बरं झालं असतं. आणि लगेच सावरून घेतलंस, तसं नाही गं, मला नीट सांगता आलं नाही. नीट सांगितलंस. इतकं नीट तू आजवर मला काहीच सांगितलं नव्हतंस. रात्रभर माझा डोळा लागला नाही आणि उजाडल्यावर मी निघाले. तेच वाक्य आज डॉक्टरांना सांगायचंय, संध्याकाळची वेळ घेतलीय. तुला नाही जमलं तर मी सांगेन, माझ्या धसमुसळ्या भाषेत. केस विंचरू नकोस. पसारा असू दे, मी पसाऱ्यात बसेन. हा कागद दाराखालून सरकवतेय. तू कडी काढ.

तुझीच,
जिन्यात बसलेली ताई