काकांचा कॉम्प्युटर खाकरतो

पनवेल,
रविवार

तीर्थरूप परेशदादास,

धाकट्या चुलतबहिणीचा, म्हणजे हेतलचा, नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण आज अर्धा दिवस मी तुमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली जवळजवळ त्याच स्थितीत होते. तोच तुझ्या नावे धरावा.) दोहात तुझी तब्येत बरी असेल, कँटीनचा भात अजून तसाच असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. काकीचे गुडघे संध्याकाळी दुखतात, हे तुला माहीत असेल. ते तुला कितपत माहीत आहे याची मला संध्याकाळपर्यंत कल्पना नव्हती, पण ते ओघाने येईलच.

मी पत्रं लिहीत नाही, हे तू जाणतोस. बिघाड झाला की कारण शोधायचं, दुरुस्ती करायची आणि दोन ओळींत कळवायचं, एवढंच लिखाण माझ्या नोकरीत असतं. पण आजचा बिघाड दोन ओळींत मावत नाही. परवा काकीचा फोन आला की काकांचा कॉम्प्युटर फार हळू चालतो, येऊन बघ. तिचे शब्द असे होते: "गो हेतल, तो अडकतो. खाकरतो, उठतो, आनी मंग मदेच अडकतो. जरा मोकला कर त्याला." आता आपल्या घरात मिक्सरलाही 'तो' म्हणतात आणि पाण्याच्या मोटारीलाही, त्यामुळे मी काही विशेष मनावर घेतलं नाही. कमळाकरकाका जाऊन दोन वर्षं झाली तरी तो कॉम्प्युटर रोज दिवेलागणीला कोण लावतं आणि कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

तो प्रश्न मला शेजारच्या ललितामावशींनी पाडला. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. (ज्या बाई पूर्वी तुमच्या स्वयंपाकघरात शिरून जवळ्याचं मीठ बघायच्या, त्या.) त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की दिवा लागला की त्या पडद्यावरचा बाण आपला आपण चालतो, वरचा डोळा हिरवा होतो, आणि भामावैनी, म्हणजे काकी, त्याच्यासमोर बसून तासभर बोलतात. "कमलाकरभाव येतात," त्या म्हणाल्या. "मी तर आता साकर मागायलापन सांजची येत नाय." त्यांनी नेऱ्याकडचा एक भगतही आणला होता म्हणे. काकीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. येणारा आपला आहे, त्याला घालवायचं कशाला, असं तिचं म्हणणं. भगताने लांबूनच कॉम्प्युटरकडे बघितलं आणि जाताना विचारलं की याच्यावर सातबारा निघतो का.

मी बटण दाबलं. आणि दादा, तो खाकरला. मी शब्द मोजून वापरते. काका बाहेरून आले की ओटीवर पाय ठेवण्याआधी, घरातल्या बायकांना कळावं म्हणून, घशातून जो एक आवाज काढायचे, आधी कोरडा आणि शेवटी जरा ओढलेला, तो आवाज टेबलाखालून आला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. ही फक्त नोंद आहे, मत नाही. काकी मागे लसूण सोलत होती. तिने मान वर न करता डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग मी जे करायचं असतं ते क्रमाने करू लागले. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली होती. काका गावातल्या सगळ्यांच्या हळदीची निमंत्रणं फुकट करून द्यायचे, त्यामुळे 'हळद अंतिम', 'हळद अंतिम खरी', 'हळद अंतिम खरी मामांचं नाव मोठं' अशा फायली एकाआड एक रचलेल्या. त्यातल्या काही जोडप्यांची मुलं आता शाळेत जातात आणि एकाचा काडीमोडही झाला, पण काकी प्रत्येक फाईल पुसण्याआधी "ही कोनाची?" असं विचारायची आणि नाव ऐकलं की "राव दे" म्हणायची. शेवटी मी निमंत्रणं बाजूला जपून ठेवली आणि फक्त तात्पुरत्या फायली पुसल्या, ज्यांना नावं नसतात. त्याबद्दल काकीचं काही म्हणणं नव्हतं. कॉम्प्युटर थोडा हलला. फारसा नाही.

म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत सगळं लाल होतं. गोठल्यासारखं, थर धरलेलं लाल, आणि त्याखाली पिवळं. मी हात मागे घेतला. मग वास आला आणि उलगडा झाला: हळदकुंकू. कॉम्प्युटर घरात आला तेव्हापासून दर दसऱ्याला काकीने त्याची पूजा केलेली आहे, आणि वाहायची जागा म्हणून तिने नेमकी हवा जाण्याची जाळी निवडलेली आहे. (तिचा मुद्दा असा की तिथूनच तो श्वास घेतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे.) झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, आणि पंख्याच्या पात्यांत अडकलेल्या अक्षता निघाल्या. पंखा फिरायला लागला की तांदूळ घासायचे. तेच खाकरणं. ब्रशने सगळं साफ केलं, पुन्हा बटण दाबलं, आणि तो निमूट, झटकन सुरू झाला. काकी लगेच दारात येऊन म्हणाली, "आज खाकरला नाय?" मी तिला दाणे दाखवले आणि कारण समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, दाणे उचलून देव्हाऱ्यात ठेवले, आणि "बरं" म्हणाली. त्या 'बरं'नंतर घर जरा मोठं वाटायला लागलं.

तोवर दिवेलागण झाली. काकीने दिवा लावला, साडी बदलली, केसांवर पाणी फिरवलं आणि दोन कप चहा आणला. मी एक उचलला, तर तिने तो माझ्या हातातून काढून कीबोर्डशेजारी ठेवला. मी कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बघत होते, कारण वेग खाणारा चोर सहसा तिथेच असतो. तिथे एक असा प्रोग्रॅम दिसला की ज्याने लांबून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं. मी तो काढायला घेतला. पडद्यावर विचारणा आली: काढून टाकायचा, की रद्द. त्याच क्षणी वरच्या कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला. मी बाण 'काढून टाका'वर नेला. तो माझ्या हाताखालून निघाला आणि सावकाश 'रद्द'वर जाऊन बसला.

मी परत नेला. तो परत गेला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, आणि मी सहसा मोजते. माऊस उचलून हवेत धरला तरी बाण चालत होता. मग त्याने दाबण्याआधी बटणाभोवती एक गोल फेरी मारली, ओवाळल्यासारखी. काका असंच करायचे. कुठलंही बटण दाबण्याआधी एक फेरी, शकुन म्हणून. काकीने माझ्यामागून शांतपणे सांगितलं, "त्याला करू दे ना गो."

मी वाकून इंटरनेटची वायर उपटली. बाण थांबला. (ती फेरी पूर्ण करून थांबला. याला कारण देता येतं. आज देत नाही.) मेलेल्या माणसाला वायर लागत नाही, दादा. फेरी मारायची सवय काकांकडून उचललेला दुसरा माणूसही मला माहीत आहे. लहानपणी याच कॉम्प्युटरवर खेळताना माझी पाळी आली की तो मला माऊस द्यायचा नाही. पनवेलला दिवे लागतात तेव्हा दोहात ऑफिस सुटत असतं. काकांना प्रिंटर जमेना तेव्हा तूच तो प्रोग्रॅम घातला होतास.

काका गेले तेव्हा तुला रजा मिळाली नाही, आणि काकीने फोनवर तुला सुनावलं की आता येऊ नकोस आणि फोनही करू नकोस. ते तू अक्षरशः पाळलंस. फोन नाही, पण रोज संध्याकाळी न बोलता, न दिसता येऊन तिच्याकडे बघत बसलास. तिला न विचारता हे करणं बरोबर नाही, हे मी बहीण म्हणून नाही, कामातली माणूस म्हणून सांगते. ती काय बोलते ते तू ऐकत होतास. गटार तुंबलं, गुडघा दुखतो, मेथी महागली. हे ती मेलेल्या नवऱ्याला सांगते आहे, असं सगळा पाडा समजतो. प्रोग्रॅम मी काढून टाकला आहे. कॉम्प्युटर आता वेगात चालतो.

कळावे, लोभ असावा, पासवर्ड बदलावा. (काकांच्या ट्रॅक्टरचा नंबर हा पासवर्ड नसतो.)

तुझी बहीण,
हेतल

ता. क. : वरचं पत्र काल लिहिलं. आज सकाळी निघताना काकीने विचारलं, "मंग आता परेश बगनार कसा?" मी बसलेच. तिला पहिल्यापासून माहीत आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही असं ती बोलली, तेव्हा बाण जाऊन पडद्यावरच्या देवीच्या फोटोवर थांबला होता, आणि किल्ली त्या देवीच्या तसबिरीमागेच निघाली. ती जागा घरात फक्त तिला आणि तुला ठाऊक होती, काकांना नव्हती, असं ती म्हणते. ललितामावशींना तिने कमळाकरभाऊ सांगितलं, कारण मुलगा चोरून बघतो म्हटलं तर लोक हसतील आणि तू यायचा थांबशील. साडी त्यासाठीच बदलते. चहा तुझा.

ता. क. दुसरा : कॉम्प्युटर वेगात करून तिला काय हवं होतं, तेही सांगते. तिला वाटत होतं की तू बोलतोस, पण तो अडकतो म्हणून आवाज पोचत नाही. स्पीकरची पिन निघालेली होती, ती मी बसवली. तू बोललाच नव्हतास (प्रोग्रॅमच्या नोंदीत तुझा माईक एकदाही चालू झालेला नाही), हे मी तिला सांगितलेलं नाही. आता मशिनीकडून कुठलीही अडचण राहिलेली नाही. आता तू बोलावंस, एवढीच विनंती आहे आणि पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. तिसरा : प्रोग्रॅम परत घातला आहे. पत्र याच पडद्यावर ठेवते, येशील तेव्हा दिसेलच. आता तू आलास की तो आधी परवानगी विचारेल आणि 'होय' काकीला दाबावं लागेल. त्याची एकदा तालीम घेतली. तिने आजवर माऊसला कुंकवापलीकडे कधी हात लावलेला नव्हता. तिने तो नीट धरला, बाण 'होय'पाशी नेला, आणि दाबण्याआधी त्याभोवती एक फेरी मारली.