तुम्ही बंद केलेला मेन स्विच

अप्पा, भालकीच्या तुमच्या दुकानात लग्नाच्या शूटिंगची एडिटिंग मी सहा वर्षं केली. त्या सहा वर्षांत गिऱ्हाइकासमोर तुम्ही मला, पोटच्या पोरीला, एकदाही नीट हाक मारली नाही. "म्हशीगत चालायलंय हिचं मशीन, हिच्यासारखंच," म्हणून तुम्ही हसायचात आणि नवरदेवाकडची माणसंही हसायची. शेवटी मी त्या मशीनमध्ये, माझ्या कॉम्प्युटरमध्ये, नवीन एसएसडी डिस्क घातली आणि तिची एक सेटिंग बदलली. फाइल आधी तात्पुरत्या मेमरीत, कॅशमध्ये, घ्यायची, लगेच 'झालं' दाखवायचं आणि डिस्कवर पक्कं लिहायचं काम मागाहून सवडीनं उरकायचं. मशीन पळायला लागलं. पण तेवढ्यात वीज गेली तर सगळंच जातं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी गरम जिलेबी आणलीत. मी ती खाल्ली आणि धोक्याचं काही बोलले नाही.

दिवेलागणीला दुकान बंद करताना तुम्हांला मेन स्विच पाडायची कोण घाई! आईला जाऊन महिना झाला होता. नवा कॅमेरा आणलात तेव्हा चुलीपाशी तुम्ही तिचं शूटिंग घेतलं होतं, तिचा आवाज तेवढ्यातच उरला होता. मी ते डिस्कवर उतरवत होते. पडद्यावर 'झालं' आलं.

"जरा थांबा, अप्पा."

"कामून? झालं म्हणतंय की ते. तुझंच काय चालायलंय अजून?" म्हणत तुम्ही स्विच पाडलात.

सकाळी फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं. मी म्हणाले, "तुम्हीच बंद केलंत." तुम्ही मटकन खुर्चीत बसलात. मला बरं वाटलं.

पुढची दोन वर्षं प्रत्येक सणाला तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचात. "बाई, निघतंय का बघ की गं. आवाज तेवढा."

"न्हाई निघत, अप्पा."

कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसलं म्हणून सांगितलं होतं. ते न पुसता माझ्या ड्रॉवरमध्येच होतं, आईच्या मूळ शूटिंगसकट. उतरवलेलं उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

तुम्हांला जाऊन आठ वर्षं झाली. आज मी ते कार्ड लावलं. आई हसत म्हणते, "बस करा की आता, भाकर करपायलीय." एवढंच आहे. पहिल्यांदा नुसता राग होता, अप्पा. नंतर तुम्ही विनवायचात ते मला आवडायला लागलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आणि आज तुम्ही परत टेबलाशी येऊन विचारलंत, तर ऐकवीन की 'न्हाई' म्हणेन, ते माझं मलाच सांगता येत नाही.