बारक्याचे कान

गिरगाव,
१८ ऑगस्ट १९५६

प्रिय उर्मिला,

तू न बोलता इंदूरला परत गेलीस, त्याला सात महिने झाले. मला लिहिणं जमत नाही. म्हणून बारक्याचंच लिहितो.

परवा मागल्या गल्लीतल्या गटारातून घूस निघाली, जवळजवळ त्याच्याएवढी. गणपत न्हावी पायरीवरून ओरडला, "साहेब, कुत्र्याला धरा, फाडील ती!" तोवर बारक्या शेपटीपर्यंत गटाराच्या नळात शिरला होता. किती तरी वेळ आवाज नाही. मग मागे सरकत बाहेर आला. नाक फाटलेलं, तोंडात घूस. ती माझ्या पायाशी ठेवली, अंग झटकलं आणि बसला. आठ शेरांचा जीव! मी बघतच राहिलो. माझगाव गोदीतल्या साहेबाने विलायतेला जाताना तो दिला, तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, हे एवढंसं घर काय राखणार? ती म्हणाली, "अहो, टेरिअर आहे तो, बिळात घुसून शिकार करणारी जात. तो लहान आहे हे आपल्याला दिसतं, त्याला कुठे माहीत आहे?"

त्याच्या केसांना ती कात्री लावत नसे. बोटं घसरू नयेत म्हणून चुलीतली राख लावून पिकलेले, सुटायला आलेले केस चिमटीने उपटायची, वर्षातून दोनदा, आठवडा आठवडा. तो डोळे मिटून उभा राहायचा. मला वाटे, रिकामा उद्योग.

जानेवारीत कर्फ्यूमध्ये तुझी आई गेली. गोळीबार, बंद गाड्या, तू पोचलीस थेट दहाव्याला. त्या दहाव्याच्या सकाळी गणपतने माझं डोकं भादरलं आणि म्हणाला, "हा पण घरातलाच ना? मग याचे केस कशाला ठेवता?" मला ते बरोबर वाटलं. मीच त्याला धरून बसलो आणि गणपतने कात्री चालवली.

नंतर केस आले ते कापसासारखे मऊ, रंग उडालेले; मुळातून उपटले तरच ते राठ, तांबूस येतात. तेव्हा कळलं, तिच्या हातचं शेवटचं काम मी कापून टाकलं होतं. तू दारात त्याला पाहून का रडलीस, तेही तेव्हाच कळलं.

तेव्हापासून रोज ऑफिसातून आल्यावर राख घेऊन बसतो. एका वेळी बोटभर जागा. आज पाठीवर पहिला राठ, तांबूस केस हाताला लागला. मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला.

कानांना मात्र तो मला हात लावू देत नाही. कानांवरचे केस कसे उपटायचे ते तिने तुलाच शिकवलं होतं. माझं चुकलं, बाळ. ये. कान तसेच ठेवले आहेत.

तुझाच,
बाबा