गोलातला अंगठा

सानगडी,
ता. ४ ऑगस्ट १९७९

ती. सौ. चंद्रकलाताईस,
धाकट्या धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळे मजेत. धानाचा रोवणा आटोपला, मायच्या कमरेनं तेवढा दगा देला. तू बायांच्या वर्गाले जातेस म्हणे! शोभाताईनं ‘क’ शिकवला, का अजून पाटीच पुसून राहिली? तोवर माझं पत्र भाऊजीच वाचतील, म्हणून त्यांच्या पेढीच्या पत्त्यावर टाकून राहिली. ज्या मालकाचे ते मुनीम, त्याच्याच इथल्या कारखान्यात मी बिड्या वळते, तवा त्यांनी बी ऐकावं.

ताई, बिड्या तपासणारा टिकाराम हात धुऊन बायांच्या मागं लागला आहे. पानं देतो म्हणून एकेकीले कोठीत बोलावते आन अंगाले हात लावते. जी झटकते तिच्या अर्ध्या बिड्या खराब म्हणून फेकून देते. परवा त्यानं कुंताबाईचा पदर ओढला, पोलकं फाटलं. नवरा नाई बिचारीले, दोन दिवस जेवली नाई. मंग आमी अकराजणीनं भंडाऱ्याच्या कामगार अधिकाऱ्याले अर्ज लिवला. कोणाचा अंगठा पहिला ते कळू नये, म्हणून कागदावर पितळेची थाळी ठेवून गोल मारला आन त्याच्या भवताल अंगठे देले. मले सही येते, तरी मीनं अंगठाच देला. आता तू सांग, अर्ज धाडू ना?

भाऊजीले म्हणा, मिशीले तेल कमी लावा आन ताईले जत्रेले न्या. लोभ आहे तेवढा राहू दे, थोडा वाढला तरी चालन.

तुझी,
धुरपता

वरठी,
ता. १३ ऑगस्ट १९७९

चि. धुरपता हिस,
चंद्रकलाचे अनेक आशीर्वाद. (पत्र ह्यांच्या हस्ते.)

तुझे पत्र पावले. मजकूर ऐकून जीव हळहळला. परंतु घाई करू नये. मालक देवमाणूस आहेत, त्यांच्या कानावर ही गोष्ट नसावी. सरकारी कचेरीत गेल्याने बायकांचीच बदनामी होते. ह्यांच्या शब्दाला पेढीवर वजन आहे. हे स्वतः मालकांशी बोलतील व टिकारामास दूर करवतील. मात्र गोल दाखवून बोलता येत नाही. अंगठे कोणाकोणाचे, पुढाकार कोणाचा, ती नावे सविस्तर कळवावी. तोवर अर्ज पाठवू नये.

आईस नमस्कार. लोभ असू द्यावा, ही विनंती.

तुझी ताई,
चंद्रकला

सानगडी,
ता. १९ ऑगस्ट १९७९

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मीनं मायच्या गळ्यात हातच टाकले. भाऊजी आपल्या पाठीशी आहेत म्हणल्यावर कोणाचा डर? नावं कोणाले सांगायची नाई, अशी आमी तळ्याच्या पाळीवर शपथ घेतली होती. पण तू मले मायच्या जागी, तुझ्यापाशी कायची शपथ! तं घे: कुंताबाई, गोदावरीबाई, विजयमाला, बेबीबाई, ताराबाई, मंग मी, आन बाकीच्या पाचजणी पाठीमागं लिवल्या आहेत. पहिला अंगठा कुंताबाईचाच.

बायाइले मीनं थांबवून ठेवलं आहे. पोळ्यावर पुरणपोळी खा आन आमची आठवण काढ. लोभात काही उणं पडू देऊ नको.

तुझी,
धुरपता

सानगडी,
ता. ३ सप्टेंबर १९७९

चंद्रकलाताईस,

नमस्कार लिवाले हात उठत नाई. हे पत्र मी घरच्या पत्त्यावर टाकून राहिली. कोणाकडूनही वाचून घे, सारी वरठी ऐकू दे.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी टिकारामनं दारात उभं राहून नावं वाचली. कुंताबाई, गोदावरीबाई, विजयमाला, बेबीबाई, ताराबाई. माझ्याच पत्रातल्या क्रमानं! वं ताई, गोलाले कायचा क्रम? बिड्या खराब वळता म्हणून दहाहीजणीले घरी बसवलं. अकरावं नाव मातर त्यानं घेतलंच नाई. माझं! मी आत, अन् त्या बाहेर. कुंताबाईनं माझ्याकडं एकडाव पाह्यलं अन् तोंड फिरवलं. लाथ मारली असती तं बरं झालं असतं.

मी बी त्याच दिवशी काम सोडलं. पण बाया म्हणतात, मीनंच त्यांना विकलं. त्यांनी अर्ज भंडाऱ्याले नेला, त्याआधी गोलातल्या माझ्या अंगठ्यावर शाई फासून तो खोडला. सतरा तारखेले चौकशी आहे. मालक म्हणते, अर्जाचं मले काही ठाऊकच नव्हतं, वाईट बिड्यांसाठी काढल्या. अर्ज त्याले आधीच ठाऊक होता, हे कोण सांगन? माझ्यावर कोणाचा भरवसा नाई.

कुंपणानंच शेत खाल्लं, ताई. काहून मागितली होती नावं? लोभ कसा मागू तुले?

धुरपता

वरठी,
ता. ९ सप्टेंबर १९७९

माझ्या धुरपतास,

हे मी माझ्या हातानं लिवून राहिली. दोन रोज लागले. चुकलं तं हासू नको.

तुझं पत्र पोस्टमननं माझ्या हाती देलं. यायले, तुझ्या भाऊजीले, पत्ता नव्हता. एकेक अक्षर जुळवून वाचलं. काहून नावं मागितली, ते तं दोनदा वाचलं. मीनं नावं मागितलीच नाई, बाई! यायनं मले तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं ते रोवण्याचं अन् मायच्या कमरेचं. टिकारामचं नाव बी नाई घेतलं. दुसरं पत्र तं आलंच नाई म्हणले. मीनं सांगतलं होतं, मायले कमरेले शेक दे म्हणा. माझं नाव खाली टाकून यायनं काय लिवलं, ते मले आता समजलं. माझंच तोंड वापरलं, धुरपता. सोळा वर्सं ज्याच्या ताटात वाढलं, त्यानं.

मंग मीनं यायची पेटी उघडली. तुझे दोनही पत्रं सापडले. नावांखाली लाल रेघा आहेत, बाजूले यायच्या अक्षरात लिवलं आहे, मालकांना दाखविले, ता. २२. तुझ्या नावावर मातर काट मारली आहे. साळीले वाचवली म्हणे! मीनं विचारलं तं म्हणले, हेडमुनीम होणार आहो, तुले काय समजते. समजते मले. आता वाचता येते.

सतरा तारखेले मी पत्रं घेऊन भंडाऱ्याले येते. यायनं घरात घेतलं नाई तं मायजवळ राहीन. कुंताबाईले सांग, धुरपतानं विकलं नाई, विश्वास टाकला, अन् तो माझ्या घरात मेला.

लोभ मी मागत नाई, मले तो फेडायचा आहे. गोलात तुझा अंगठा खोडला, त्याच्या बाजूले जागा असन तं माझा घ्या. मले सही येते आता. तरी अंगठाच घ्या.

तुझी ताई,
चंद्रकला