एका करदात्याचा पूर्वपक्ष

॥ श्री ॥
कल्याण,
शुक्रवार, दि. १२ मार्च १९५४

चि. त्र्यंबक यास अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहिले. तुझे घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर. तरी गेले सहा दिवस आपण एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातो. तेव्हा पत्रच बरे. थंडी सरल्यापासून तुझ्या काकूचे सांधे थोडे मोकळे झाले आहेत.

परवा रविवारी नगरपालिकेचे मतदान. निवडणुकीच्या दिवसांत ठाण्याच्या साप्ताहिकातील वाचकांची पत्रे मी नेमाने वाचतो, हे तुला ठाऊक आहे. बहुतेकांत विशेषणे फार आणि प्रमाणे थोडी. गेल्या शनिवारच्या अंकातील ‘एक करदाता’ या सहीचे पत्र मात्र अपवाद होते. त्याचे म्हणणे असे: सार्वजनिक नळांचा क्रम घरांच्या संख्येवरून ठरला होता. त्या क्रमात बैलबाजार दुसरा आणि आपली गल्ली सातवी. पाणी समितीवर तू असताना दुसरा नळ सातव्या गल्लीला मिळाला. तो तुझ्या दारापासून अकरा पावलांवर आहे. सबब तू तो स्वतःसाठी आणलास. विधाने चार, चारही खरी. निष्कर्ष तेवढा खोटा.

मंगळवारी पारनाक्यावरील तुझ्या सभेत मी मागे, तेल्याच्या दुकानाच्या पायरीशी उभा होतो. बैलबाजारच्या धोंडीबाने विचारले, "काय साहेब, नळ कुणासाठी आणला? आमच्या बायका अजून दोर ओढतायत."

तू म्हणालास, "ज्याला गरज होती त्याच्यासाठी."

"मग नाव सांगा की त्याचं. का घरचंच हाय?"

लोक हसले. तू पाण्याचा पेला उचललास, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "नळाचं का?" मग तर फारच हसले. तू नाव सांगितले नाहीस. पेला मात्र न पिता खाली ठेवलास.

बुधवारी सकाळी तुझी सौ. सरोज घागर घेऊन नळावरून पुढे गेली. शेजारच्या आवडाबाईने हटकले, "अगं, इथं धार चालू आहे आणि तू कुठं निघालीस?"

"विहिरीवर. आमच्या घरी आता विहिरीचंच पाणी." मग तुझ्या काकूजवळ थांबून ती हळूच म्हणाली, "तुम्ही भरा, काकू. नळ तुमचाच आहे."

काकूने कळशी अर्धीच भरून आणली. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "सरोजला माहीत आहे. त्यानं सांगितलं नसणार, पण माहीत आहे. आता तुम्ही काय ते ठरवा."

जे लिहिण्याचे टाळत होतो ते आता लिहितो. अकरा पावले मी मोजली. ते पत्र माझे आहे.

कारण सांगतो, त्याने दोष कमी होत नाही. बाजारात तुझ्याविषयी कुजबूज होतीच. तुम्हा विद्यार्थ्यांना मी शिकवले होते की प्रतिपक्षाचा आक्षेप त्याला स्वतःलाही मांडता येणार नाही इतक्या बळकटपणे आधी आपण मांडावा, आणि मगच खोडावा. दुबळा पूर्वपक्ष खोडणाऱ्याने काहीच खोडलेले नसते. त्याप्रमाणे एका शनिवारी पूर्वपक्ष टोपणनावाने आणि पुढच्या शनिवारी उत्तर माझ्या नावाने, अशी योजना केली. वर्गात हे चालते, कारण वर्ग तास संपेपर्यंत बसून असतो. गावाने पहिले पत्र वाचले आणि ते उठून गेले.

उत्तर लिहून तयार होते. त्यात एकच प्रमाण पुरेसे होते: दोन वर्षांपूर्वी मी तुला पाठवलेली चिठ्ठी. ‘हिच्याने आता विहिरीचे पाणी ओढवत नाही. क्रम मला माहीत आहे. तरी शक्य असल्यास पाहावे.’ ती तू समितीपुढे ठेवली नाहीस, कोणाला दाखवली नाहीस, आणि मंगळवारी भर सभेतही तिचा उच्चार केला नाहीस. घरे मोजून क्रम लावावा ही सूचना नगरपालिकेला करणारा मीच. कोणाकडे कधी शब्द टाकला नाही असा मनुष्य, ही माझी गावातील ओळख. चिठ्ठी छापली की ती ओळख संपली.

काल दुपारी संपादक महिपतराव स्वतः मजकूर न्यायला आले. "शास्त्रीबुवा, तुमच्या करदात्यानं धमाल उडवली. एक अंक उरला नाही. आता उत्तर द्या, संध्याकाळी पान लागतंय." उत्तर समोरच्या दप्तरात होते. मी म्हणालो, "अजून जुळत नाही." चहा घेऊन ते गेले. उद्याचा अंक त्याशिवाय निघेल, आणि त्यानंतरचा मतदान झाल्यावर. पहिले पत्र ही चूक होती. काल मी केले त्याला चूक म्हणता येत नाही. ते भय होते.

आज सायंकाळी तुझी शेवटची सभा आहे. मी येईन. धोंडीबाच्या प्रश्नाचे उत्तर मी देईन, चिठ्ठीची माझ्याकडील नक्कल वाचून दाखवीन, आणि करदाता कोण हेही सांगेन. याने तुझी मते वाढतील असे म्हणवत नाही. क्रम तू स्वतःसाठी मोडला नाहीस एवढेच सिद्ध होईल. क्रम मोडला हे उरतेच, आणि दोर ओढणाऱ्या बायकांना द्यायला त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही. तू मागाहून काही म्हणू शकशील. आधी अडवू नयेस म्हणून हे पत्र काकू अगदी सभेच्या तोंडावर, विहिरीच्या वाटेवर सरोजच्या हाती देईल.

मला व्यासपीठावर खुर्ची देऊ नकोस. प्रश्न विचारणारे जेथे उभे राहतात तेथे मी उभा राहीन. आणि सवयीने वाकून नमस्कार करू नकोस. तू नमस्कार केलास की लोक गप्प बसतील. त्यांना मला विचारू दे.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली ‘तुझा शुभचिंतक’ असे लिहीत आलो. आज त्यास प्रमाण नाही.

हरिहर गणेश वझे
(एक करदाता)